गाडी फक्त खेमराजचं ऐकते

अर्जुनी मोरगावात भैयाजी कापगत्यांच्या दारातली गाडी कोणाची, असं विचारलं तर शेंबडं पोरही खेमराजची म्हणून सांगायचं. पैसे भैयाजींचे, कागदावर नाव भैयाजींचं, तांदळाच्या धंद्यासाठी धावपळही त्यांचीच. पण ज्याच्या हातात चाक त्याचीच गाडी, हे खेमराजने मनातल्या मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

गाडी जुनी, नागपूरच्या एका डॉक्टरकडून घेतलेली, ऑटोमॅटिक. क्लच नाही, सारखा गिअर बदलायची कटकट नाही. गिअरचा दांडा मागे ओढायचा, ब्रेक सोडायचा, की निघाली. निघायला हवी खरी, पण ही निघत नसे. दांडा ओढला तरी जागच्या जागी गुरगुरत उभी राहायची आणि मग मनात आलं की गदकन धक्का देऊन गिअर पकडायची. ज्याला हे ठाऊक नाही तो मधल्या वेळात घाबरून एक्सलेटर दाबायचा, आणि गाडी बुजलेल्या बैलासारखी उधळायची. खुद्द भैयाजींनी एकदा अशीच उधळवून आपल्याच फाटकाचा खांब पाडला होता. त्यानंतर त्यांनी चाकाला हात लावला नाही. येईल त्या पाहुण्याला मात्र कौतुकाने सांगायचे, "थे गाडी फक्त खेमराजचंच आयकते."

या एका वाक्यावर खेमराज जगत होता. तरुणपणी त्याने लोकांच्या शेतात मळणीयंत्र ओढलं, रायपूरच्या ट्रकवर क्लीनर म्हणून शिव्या खाल्ल्या. कोणी त्याच्यासाठी कधी थांबलं नव्हतं. आता लग्नाच्या वरातीत नवरदेव मागच्या सीटवर घाम पुसत त्याची वाट बघे. खेमराज सावकाश येई, दांडा ओढी, ब्रेकवर पाय तसाच ठेवून दोन्ही हात चाकावरून काढी, आरसा सरळ करी, खांद्यावरचा दुपट्टा सावरी आणि हळूच म्हणे, "चाल माय." तेवढ्यात गाडी गिअर धरायची आणि तो ब्रेक सोडायचा. बघणाऱ्याला वाटे, त्याच्या शब्दावरच हलली. त्याची बायको शकुंतलाबाई तेवढी फसली नव्हती. मी हाक मारली तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि त्या लोखंडाला माय माय करता, घरात सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती, असं ती तोंडावर सुनावायची.

माशी शिंकली ती भैयाजींच्या सुनेमुळे. दुर्गेश्वरी कामठ्याची. नवरा नोकरीला नागपूरला. माहेरी जायचं म्हटलं की तिला आधी खेमराजचा मूड बघावा लागे; आज इंजिन तापलंय, उद्या टायर बघायचेत. तिने मुकाट्याने गोंदियाला गाडी शिकून परवाना काढला आणि एक दिवस जेवताना सासऱ्यांना म्हणाली, गाडी एकदा चांगल्या मेकॅनिकला दाखवू या. हा जुन्या गाडीचा स्वभाव आहे, स्वभावाला औषध नसतं, असं खेमराजने परोपरीने सांगून पाहिलं. भैयाजींनी ऐकलं नाही.

गोंदियात भुपेंद्र नावाच्या मेकॅनिकने बोनेट उघडलं आणि पहिलंच विचारलं की गिअरचं तेल कोण बघतं. खेमराज छाती काढून पुढे झाला. रोज सकाळी मीच बघतो, तेल मोजायची पट्टी नेहमी खुणेपर्यंत भरलेली असते. भुपेंद्रने गाडी फिरवून तापवली, इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून वर धरली. तेल खुणेच्या पार खाली, तेही काळंकुट्ट.

"काका, इंजन का तेल बंद गाडी में देखते हैं. इस गिअर का चालू में देखना पड़ता है," तो म्हणाला. "बंद में तो हमेशा ज्यादा ही दिखेगा. इतने साल आप इसको भूखा चला रहे थे."

भैयाजी पोट धरून हसले. खेमराजच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या खोडीवर त्याची सगळी ऐट उभी होती, ती त्याच्याच हातची चूक होती. भुपेंद्रने फिल्टर बदलला, नवं लालभडक तेल भरलं, आणि तेल पुन्हा कमी पडू दिलं तर गिअरच्या आतल्या प्लेटा जळतील, असं बजावून गाडी दिली. आता दांडा ओढला की गाडी लगेच चालायला लागे. कोणीही ओढावा.

दुर्गेश्वरी रोज सासऱ्यांना शेजारी बसवून तलावाच्या पाळीपर्यंत चक्कर मारू लागली. खेमराज फाटकात उभा राहून बघे आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होई. तिने काच पुसली तरी त्याला राग येई. गाडीचा तर जास्तच राग येई. इतकी वर्षं माय म्हटलं, आणि ही पहिल्या दिवशी दुसरीचं ऐकते! रविवारी सूनबाई तुला बाजूला बसवून कामठ्याला नेईल, नीट गेली तर तू सोमवारपासून ट्रॅक्टरवर जा, असं भैयाजींनी सांगितलं तेव्हा तर त्याला जेवण गेलं नाही.

शनिवारी दुपारी सगळे पडले असताना त्याने पट्टीच्या नळीत बारीक पाइप घातला आणि बाटलीभर तेल ओढून घेतलं. नवं तेल फेकायला मात्र ड्रायव्हरचा हात धजेना. बाटली त्याने डिकीत, जादा टायरच्या मागे लपवली. उद्या गाडी अडेल, बाई घाबरून एक्सलेटर दाबेल, फाटकाचा दुसरा खांबही जाईल, आणि भैयाजी म्हणतील, राहू दे, खेमराजच पाहिजे.

रविवारी दुर्गेश्वरी चाकावर बसली. खेमराजने दाराची मूठ घट्ट धरली. तिने दांडा ओढला. गाडी जागची हलली नाही, नुसती गुरगुरली. ओसरीवर भैयाजी उठून उभे राहिले.

दुर्गेश्वरीने ब्रेकवरचा पाय हलवला नाही. दोन्ही हात चाकावरून काढले, आरसा सरळ केला, ओढणी सावरली आणि हळूच म्हणाली, "चाल माय."

गदकन धक्का बसला, तिने ब्रेक सोडला आणि गाडी फाटकाच्या मधोमध बाहेर पडली.

नवेगाव मागे पडलं. मग खेमराजने विचारलं, हे कुठं शिकलात बाई.

"लगन होऊन आली तवापासून मागं बसून तुमालेच पाहून राहिली होती काका," ती म्हणाली. "गाडी अशीच चालवतेत, असंच वाटे मले. दुरुस्त झाली तं उलट चुकल्यावानी वाटे." थोडं पुढे गेल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता ती एवढंच म्हणाली, "तुमच्या दुपट्ट्याले लाल डाग लागला आहे."

खेमराजने डाग मुठीत झाकला. त्याला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाही तिचे हात चाकावर बघून पोटात दुखतच होतं. एवढं नीट तर त्यालाही कधी जमलं नव्हतं.

कोहमाऱ्याच्या अलीकडे त्याने मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवायला सांगितली. इंजन बंद करू नका, म्हणाला. डिकीतून बाटली आणली, बोनेट उघडलं, चालू गाडीत पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. मग थोडं थोडं तेल ओतत गेला, खुणेला लागेपर्यंत. दुर्गेश्वरी गाडीतून उतरून बाजूला उभी होती. तिने विचारलं, आता तुम्ही चालवता का?

"नाही," तो म्हणाला. "तुमीच चालवा."

तो डावीकडे बसला. तिने दांडा ओढला. खेमराजचा हात सवयीने दुपट्ट्याकडे गेला, 'चाल माय' म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर गाडी मोहाच्या सावलीतून बाहेर पडली होती.