नडगीत खेकडा

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. गोठ्यात शेणावरनं घसरलो आणि नडगी मोडली. आत सळई घातली, महिने गेले, तरी हाड काही जुळेना. मला चालायची एवढी घाई नव्हती, उकिडवं बसायची होती. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर लोक धारोष्ण दूध प्यायला येतात, आणि आमची म्हैस माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही. पोरगा धारेला बसला की दूध चोरते. अशीच चोरत राहिली तर आटणार, हे कुणी सांगायला नको.

शेवटी हाडाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मधे फट राहिलीय. तिथं कायटोसानचा स्पंज भरू. त्याच्या आधारानं तुमचंच हाड वाढेल आणि स्पंज हळूहळू विरघळेल. उपचार नवा आहे, खात्री देत नाही.”

“कशाचा असतोय त्यो?”

“खेकड्या-कोळंबीच्या टरफलापासून काढतात.”

मी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. “बाई, आमच्या लिंगायतांत अंडंबी चुलीवर चढत न्हाय.”

“आजोबा, खायचं नाही. आत भरायचंय.”

“मग ते तर लईच आत झालं की!”

तणतणत घरी आलो, तर दवाखान्यातनं पुढं आलेल्या पोरानं कट्ट्यावर आधीच डांगोरा पिटलेला. दुधाचे पेले हातात घेऊन एकेक जण सुरू.

“अण्णा, आता तिरकं चालणार व्हय?”

“रंकाळ्याकडं नेऊ नका रं, पाण्यात शिरतील!”

मी चप्पल न काढताच आत गेलो. थोरली बहीण आमच्याकडंच असते. तिला वाटलं मी दमलोय. सगळं सांगितलं, तर म्हणाली, “पायात काय हाय तुझ्या?”

“चप्पल. का गं अक्का?”

“कशाची?”

मी पायाकडं बघितलं. कोल्हापुरी ती, तेल पाजून करकर वाजवत आणलेली.

“म्हशीला आई म्हणतोस, आन् म्हशीचंच कातडं घालून धारंला बसतोस. पायाच्या भायेर कातडं चालतंय, आत टरफल चालत न्हाय?”

“खेकडा मारत्यात त्येच्यासाठी!”

“आन् म्हस काय आशीर्वाद दिऊन कातडं सोडती? येड्या!”

मी सत्तरी ओलांडली तरी ही बाई मला शेंबडं पोर समजते. रात्री रागानं मी अर्ध्या ताटावरनं उठलो. तेवढ्यात पोरगा गोठ्यातनं आला. चरवी पालथी करून दाखवली. थेंब पडला नाही. म्हैस बाहेर रेकत होती, मला हाका मारल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच करकरती चप्पल घातली आणि वॉकर ढकलत दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी मला बघून संमतीचा कागद आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. मी डबी परत लोटली, पेन मागितलं आणि सही केली.