वांग्यावरून गेलेली तिसरी फीत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही, हे मला कळतं. आमच्या भावकीत मी सांगितली नाही अशी गोष्टच उरलेली नाही. हळदीच्या मांडवात जेवणं आटोपली की पुतणे खुर्च्या ओढतात, गोल करतात आणि म्हणतात, "नाना, सुभेदारनी गोट सांगा ना."

मग मी सांगतो. तुम्हालाही आधी तीच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी फौजेत नायक होतो, दंडावर दोन फिती. तिसरी लागली की हवालदार. आमचे सुभेदार होते नारखेडेसाहेब, जळगावजवळच्या असोद्याचे. असोद्याची वांगी भरितासाठी केवढी नावाजलेली, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. सुट्टीवरून येताना साहेबांनी पोतंभर वांगी राजस्थानात, आमच्या छावणीत आणली, शेकोटीत भाजली, भरीत केलं आणि मला विचारलं, "कसं झालं?" मी धुळ्याचा, जिभेला हाड नाही. म्हणालो, "साहेब, आमच्या पांझरेकाठच्या वांग्यांची सर नाही." झालं! साहेबांनी बढतीच्या यादीतून माझं नाव कापलं. तिसरी फीत वांग्यावरून गेली.

इथे मी साहेबांचा चेहरा करून दाखवतो — गाल फुगवून, मिशी वर. पोरं लोळतात. आणि शेवटी माझी बायको कल्पना, पदर सावरत, दर वेळी एकच वाक्य टाकते, "आमना संसार वांगामा गया." की पुन्हा हशा.

गोष्ट चांगली आहे ना? मीही तिच्यावर खूप काम केलं आहे. मिशी मला सातव्या-आठव्या खेपेला सुचली. साहेबांना मिशी नव्हतीच.

भरीत मात्र झालं होतं. आणि मी दोनदा वाढून घेतलं होतं.

आता खरं. म्हणजे — जरा दमाने सांगतो, कारण हे मी कधी सांगून पाहिलेलं नाही, कुठे थांबायचं ते ठाऊक नाही.

हवालदार व्हायचं तर एक कॅडर करावा लागतो. काही आठवड्यांचं शिक्षण, धावणं, नकाशावाचन, जवानांसमोर उभं राहून धडा घेणं, वर परीक्षा. नायक होतानाच्या कॅडरला मी नकाशा हातात घेऊन टेकडीऐवजी नाल्यात पोचलो होतो आणि माझ्यामागे सहा जण विश्वासाने नाल्यात उतरले होते. कसाबसा सुटलो. या वेळी सोबतची पोरं माझ्याहून दहा-दहा वर्षांनी लहान. नापास झालो तर? त्यांच्यासमोर? — आणि थकलोही होतो. थकणं खरं होतं. पण त्याच्या आड काय दडलं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

कल्पनाला फोन केला. ती धुळ्यात, देवपुरात दोन खोल्या भाड्याने घेऊन पल्लवीला, आमच्या एकुलत्या मुलीला, एकटीने वाढवत होती. मी म्हणालो, कॅडर केला तर फीत मिळेल, पण नोकरी आणखी दोन वर्षं लांबेल. मला वाटलं ती म्हणेल, नको, या आता घरी. ती म्हणाली, "दोन वरीस मी काढी लिसू. तुम्ही फीत लाईसनच या." मग पुढचा सगळा हिशेबही सांगितला — पल्लवीचं इंजिनिअरिंग, वरची खोली, त्यानंतरची माझी पेन्शन. बाईने सगळं आखून ठेवलं होतं. माझ्याकडे फक्त धावायचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅडरला जायची इच्छा नाही, असा कागद लिहून दिला. फौजेत तशी सोय आहे. सही केली की तुमचं नाव कुणी कापत नाही — तुम्हीच कापलेलं असतं.

तो कागद नारखेडेसाहेबांकडे गेला. त्यांनी मला बोलावून घेतलं, स्टुलावर बसवलं, चहा दिला. म्हणाले, "सही मागं घे भो. ही फीत दंडावर दोनच वर्षं राहते, पेन्शनीत जन्मभर राहते. आणि तुझ्या मागं वहिनीला मिळणारी पेन्शनही तिच्यावरच ठरते." कागद त्यांनी दोन दिवस खणात ठेवला. तिसऱ्या दिवशी विचारलं, "घरी विचारलं का?"

"विचारलं, साहेब."

"काय म्हणाली?"

मी म्हणालो, "म्हणाली, खूप झालं. आता घरी या."

साहेबांनी खणातून कागद काढला. मग म्हणाले, "तिचं म्हणणं असंल, तर मी कोण?" आणि कागद पुढे पाठवला.

घरी मी काय सांगितलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सुभेदाराने नाव कापलं. वांगी आधी त्यात नव्हती. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कल्पना रडली, आणि तिचं रडणं थांबावं म्हणून मी त्यात वांगं घातलं. ती रडता रडता हसली. मला वाटलं, सुटलो.

पेन्शन घेऊन आलो. निवृत्तीआधी पुढच्या रोजगारासाठी एक कोर्स करायला मिळतो. मी कॉम्प्युटर घेतला आणि पडद्यावर पत्ते खेळायला शिकलो. वरची खोली झाली नाही. कल्पनाने शिलाई मशीन घेतलं — ब्लाउज, फॉल-पिको. पल्लवी इंजिनिअरिंगला गेली नाही, देवपुरातल्याच कॉलेजात बीएस्सी झाली. त्याच कॉलेजच्या गेटवर मला रखवालदारी मिळाली. ती आत शिकली, मी बाहेर सायकली लावल्या. हेही मी मांडवात हसत हसत सांगतो.

पण खरी गोष्ट अजून आलेलीच नाही.

रखवालदारी मिळायच्या आधीची गोष्ट. मी घरीच बसून होतो. हिवाळ्यातली सकाळ. मी मोरीत, अंगाला साबण. दार वाजलं. कल्पनाने उघडलं. बाहेरून आवाज आला आणि माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"वहिनी, मी नारखेडे. असोद्याहून आलो. भास्कर हाये का?"

दार करकरलं, कल्पनाने ते अर्धं पुढे लोटलं.

"भरताची वांगी आणली व्हती. आपल्या वावरातली."

तुम्हीच सांगा, तिने काय समजायचं? ज्या माणसाने वांग्यावरून नवऱ्याची बढती मारली, तो पिशवीभर वांगी घेऊन दारात उभा! ती एवढंच म्हणाली, "पानी पिवा आनि निंघा."

साहेब उभ्या उभ्या पाणी प्यायले. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी सांगितलं — चाळीसगावला एका सूतगिरणीत सुरक्षा सुपरवायझरची जागा आहे, त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला आहे, परवापर्यंत भेटायला हवं. "त्याला पाठवा तेवढं," म्हणाले. असोद्याहून जळगाव, जळगावहून धुळं, दोन एसट्या बदलून माणूस हे सांगायला आला होता.

मी काय केलं? मी नळ सोडला. बादली भरलेली होती, तरी सोडला. ती भरून वाहत राहिली, मी पाण्याकडे बघत राहिलो आणि पायऱ्या उतरणारी पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत नळ बंद केला नाही.

बाहेर आलो तर वांगी शेजारच्यांच्या म्हशीपुढे होती. कल्पना हात धूत होती. मी विचारलं, "कोण होतं?" ती म्हणाली, "कोनी नही." मला वाईट वाटू नये म्हणून तिने त्या माणसाचं नावसुद्धा घेतलं नाही. चाळीसगावला मी गेलो नाही. गेलो असतो तर मला कसं कळलं, ते सांगावं लागलं असतं.

इथे थांबलो असतो तर निदान म्हणता आलं असतं, भेकड होता. पण दोन वर्षांपूर्वी माजी सैनिकांच्या दवाखान्यात औषधांच्या रांगेत साहेब भेटले. हातात काठी, कमरेला पट्टा. मला बघून खरोखर आनंद झाला त्यांना. बाकावर सरकून जागा दिली. मुलीचं विचारलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "भास्कर, एक विचारू? वहिनी माझ्यावर का चिडली व्हती रे भो? मी तर तिच्या मनासारखंच होऊ दिलं व्हतं."

इतकी वर्षं त्यांनी हा प्रश्न जपून ठेवला होता. मला वाटलं, हीच वेळ आहे. तोंड उघडलं. आणि माझ्याच कानांनी ऐकलं —

"साहेब, तिचा स्वभावच तसा आहे. मनावर घेऊ नका."

ते मान हलवत म्हणाले, "असू दे. एकटीनं संसार ओढला तिनं. बाई कडक होते." मी ज्या बाईला त्यांच्यासमोर वाईट ठरवलं, तिची बाजू त्यांनीच घेतली. मग त्यांचा नंबर पुकारला गेला.

साहेब असोद्यातच असतात. मोटरसायकलने सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल. कल्पना तर शेजारच्या खोलीतच असते, तिचं मशीन आत्ताही चालू आहे. मी गेल्यावर तिला नायकाच्या बायकोची पेन्शन मिळेल. माझी सही माझ्यानंतरही तिच्या पासबुकात दर महिन्याला उमटत राहील.

गेल्या महिन्यात पुतण्याची हळद होती. खुर्च्या गोल झाल्या. मी गाल फुगवले, मिशी वर केली. कल्पनाने तिचं वाक्य टाकलं.

परवा रविवारी आम्ही भाजीला गेलो होतो. हिरवी, भरताची, मोठाली वांगी आली होती. कल्पनाने दोन उचलली, देठ बघितले, तळहातावर तोलली. मग नेहमीसारखं भाजीवाल्याला विचारलं, "कोठली शेतस?"

"असोद्याची, अक्का. एक नंबर."

तिने दोन्ही वांगी होती तिथे परत ठेवली, हात पदराला पुसला आणि पुढच्या गाडीकडे गेली. मी पिशवी उघडून धरली होती. ती मिटली आणि तिच्यामागे गेलो.