न धुतलेली शाल

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे अस्वलदादा म्हणत, आणि अंगावरचे केस पाहता नाव काही चुकलेलं नव्हतं. त्याची सगळी हयात अस्वलांत गेली. हल्ली त्याच्याकडे एकच म्हातारी अस्वलीण उरली होती, पण तिचा थाट असा, की तिला 'बाईसाहेब' म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जमिनीखालची वाळवी बाईसाहेब नुसत्या वासावरून हुडकायच्या. दादा रजेवर गेला, की घासाला शिवत नसत. म्हणून तो अंगातला घामट सदरा पिंजऱ्यात ठेवून जाई. सदरा कुशीत घेतला, की त्या जेवत.

"तिची मजा आहे बाई," बायको म्हणायची. "माझ्यासाठी ठेवलात का कधी सदरा?"

"ठेवतो की रोज! धुवायला."

पुढे एका मोठ्या तापात दादाचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवरच होतं, वास तेवढा गेला. बायकोला सांगितलं असतं, तर तिनं शंभर डॉक्टर पालथे घातले असते, म्हणून हा गडी गप्प बसला. तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं, की "वा, काय घमघमाट सुटलाय!" म्हणून मोकळा. अस्वलाला नाक मिळालं, घुबडाला डोळे मिळाले, उंटाला तहान सोसायची ताकद मिळाली. माणसाच्या वाट्याला बेमालूम थापा मारणं आलं, आणि त्यात दादा पटाईत निघाला. तिला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

मग ती दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. जाताना आपली लोकरी शाल त्याच्या उशीवर ठेवून लेकीला बजावून गेली, "धुऊ नकोस हं. मी नसले, की हे जेवायचे नाहीत."

दादा रोज शालीत तोंड खुपसायचा. काही म्हणजे काही नाही. नुसती टोचरी लोकर. तिच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा, आणि मनात एकच धास्ती: एव्हाना वास उडून गेला असला तर? लेकीला विचारण्यात अर्थ नव्हता. बापाचं मन राखायला ती "येतो" म्हणाली असती. तीही माणूसच.

शेवटी शाल पिशवीत घालून तो कामावर गेला. एक टोक गजांतून आत सरकवलं, दुसरं मुठीत घट्ट धरलं. बाईसाहेब आल्या. हुंगलं, पुन्हा हुंगलं. आणि शालीकडे पाठ फिरवून चालू लागल्या.

दादानं शाल ओढून पोटाशी धरली.

बाईसाहेब डुलत डुलत पार मागच्या दाराशी गेल्या. त्याच दारानं बायको दुपारचा डबा घेऊन यायची आणि चोरून एक केळं आत सरकवायची. तिथे फटीला नाक लावून त्या बसल्या.

"आहे," दादा पुटपुटला. "अजून आहे." आणि तो ढसाढसा रडला.

मग त्यानं हाका मारल्या, केळं दाखवलं, अंगातला सदराही काढून दिला. बाईसाहेब दारापासून हलल्या नाहीत. तेव्हा वळसा घालून तो त्या दाराला बाहेरून टेकून बसला. ती आता यायची नाही, एवढंच सांगायचं होतं. सगळी हयात अस्वलांत काढूनही ते कसं सांगायचं, हे त्याला कळत नव्हतं.