तांबड्या ज्वारीवरचे रेडे

माझे सासरे कोलशेतमध्ये शहाणे समजले जात. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मीही तसंच समजत होते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. नांगराला निकामी झालेले रेडे ते विकत घेत, गोठ्यात बांधून, खाऊ घालून जाड करत आणि मुंबईच्या खाटकांना जनावरं पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याला विकत. गावात कोणी विचारलं तर सांगायचे, गाडीला जुंपायला नेतात. कपाळावर गंध लावून हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलत नसे.

त्या वर्षी ठाण्याच्या बाजारातून त्यांनी परदेशातून आलेली तांबडी ज्वारी आणली. दाणा बारीक, कडक, काचेसारखा. “या दाण्यात ताकद आहे,” म्हणाले. कुठल्याशा सभेत कोणीतरी सांगितलं होतं, आणि सभेत ऐकलेलं सगळं त्यांना खरं वाटे. नवरा शेजारी उभा राहून मान डोलवत होता. मान डोलवणं हाच त्याचा मुख्य उद्योग होता.

गोठ्यातलं शेण काढायचं काम माझ्याकडे. थोड्याच दिवसांत हाताला दाणे लागायला लागले. अख्खे, गव्हाणीत टाकले होते तसेच. भिंतीवर थापलेल्या गोवऱ्यांना कोंब फुटले. कोंबड्या दिवसभर त्या टोचत बसत. कोंबड्या तेवढ्या जाड झाल्या. रेड्यांच्या बरगड्या होत्या तशाच दिसत राहिल्या.

“मामंजी, दाणा पचत नाही. पोटात जातो तसाच बाहेर येतो,” मी सांगितलं. “निदान भरडून तरी घालू या.”

“रेड्याला दात नाहीत का?” ते म्हणाले. “सूनबाई, तुम्ही चूल बघा.”

पुढे ते बहिणीच्या आजारपणासाठी नाशिकला गेले आणि दीड-दोन महिने तिथेच राहिले. मी नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने वडील येईपर्यंत थांबायला सांगितलं असतं. घरात भाकरीसाठी पांढरी ज्वारी होती, मऊ दाण्याची. दावणीच्या टोकाला बांधलेल्या दोन रेड्यांना मी ती घालू लागले, तीही अख्खीच. पेंढा, पेंड, पाणी बाकीच्यांसारखंच. शेणात दाणा दिसे, पण थोडा, तोही बहुतेक फुटलेला. दोघांच्या पाठी भरत आल्या, कातडीला चकाकी आली. तांबडीवरचे रेडे मात्र गव्हाणीत निम्मा दाणा सोडून द्यायचे. मी एक दाणा चावून पाहिला. कच्च्या सुपारीसारखा तुरट लागला.

घरातली पांढरी अशी रेड्यांकडे गेल्यावर मी तांबडी दळून आणली आणि तिच्या भाकऱ्या थापल्या. सासरे परत आले, जेवले. दुसऱ्या दिवशी ताटावर बसले ते पोटावर हात ठेवूनच.

“ही भाकरी कसली आहे? पोटात दगड बसलाय माझ्या.”

“तुम्ही आणलेल्या ज्वारीची, मामंजी. आणि ही तर दळलेली आहे.”

त्यांनी भाकरी ताटाच्या कडेला सारली. मान कोणत्या बाजूला हलवायची ते कळेना म्हणून नवरा ताटाकडे पाहत राहिला.

त्याच दुपारी ते गोठ्यात गेले आणि त्या दोन रेड्यांसमोर बराच वेळ उभे राहिले. या दोघांना घरातली पांढरी घातली, असं मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तांबडी ज्वारी भरडून, भिजवून घालायचा हुकूम सुटला. बाकीचे रेडे त्याने थोडे सुधारले, पण त्या दोघांसारखे नाहीत.

व्यापारी आला. एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत गेला आणि टोकाला थांबला. “यांना काय घातलंत?”

“पांढरी ज्वारी,” सासरे म्हणाले. “मी पहिल्यापासून सांगतोय, तांबडीत दम नाही. घरच्यांना पटेल तर ना.”

मी शेणाची टोपली घेऊन तिथेच उभी होते. नवऱ्याने मान डोलावली. मी टोपली खाली ठेवली आणि आत निघून गेले.

त्यानंतर मी सासऱ्यांना कशाबद्दलही विचारलं नाही. कोणता दाणा आणायचा ते मीच ठरवत असे, आणि ठाण्याला नौपाड्यातल्या धान्याच्या दुकानदाराला निरोपही माझाच जाई. सासरे सभांना जातच राहिले. आता तिथे ते गुरांच्या खुराकावर भाषण करत.