कॅमेऱ्यावरचा लाल स्टिकर

कंपनीच्या गेटवर पहारेकरी रोज सकाळी माझ्या मोबाइलच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर लाल स्टिकर चिकटवतो. संध्याकाळी बाहेर पडल्यावर ते आपणच काढायचे असतात. आज मी विसरले. बसस्टॉपवर आईचा व्हिडिओ कॉल आला.

“अगं, नुसता अंधार दिसतोय. कुठे आहेस?”

“इथेच आहे,” म्हटलं. स्टिकर मात्र काढवेना. तेवढ्यापुरतं कुणी बघत नाहीये, याचंच बरं वाटलं.

आधी मी बिस्किटांच्या कारखान्यात होते. तिथे माल उशिरा निघाला तर लोक दुसरी बिस्किटं खायचे. इथे आम्ही सैन्यासाठी एक वस्तू बनवतो. ती डोक्यावर घालायची असते, एवढंच सांगता येईल. ती वेळेत तयार करवून घेणं हे माझं नवं काम. आज बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी एक तारीख बोलून गेले. ती तारीख गाठायला कुणी चाचणीत घाई केली तर? आणि तारीख चुकली, तर तोवर कुठेतरी कुणाचं डोकं उघडंच राहणार. ते डोकं मला कधीच दिसणार नाही. त्याचीही आई संध्याकाळी असाच फोन लावत असेल.

“दिसत का नाहीस गं?”

मी नखाने स्टिकर खरवडून काढला.

“डोकं दुखतंय का?” आईने विचारलं. “असा गच्च हात धरून बसलीयस डोक्यावर.”