हिराचा बांधा

दांडी गावची हिरा वलांडीवर चढली की खालून फक्त लुगडं वर गेल्यासारखं दिसायचं. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायची बांबूंची उंच मांडणी. दोन ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूवर टांगायची, हे काम सगळ्याच बायांचं. पण वरच्या दोन रांगा हिराच्या. जाड बाई तिथे चढली तर बांबू वाकायचा. आजूबाजूच्या बाया हिराला बोलवून न्यायच्या, आणि तीही मानानं जायची.

एकोणऐंशी साली घिवलीच्या जिवल्याशी तिचा साखरपुडा झाला. जिवल्या तिला आवडला होता आणि तिनं ते घरात सांगूनही टाकलं होतं. त्याच महिन्यात गावात क्षयरोगाची तपासणी झाली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी हिराच्या कार्डावर लिहिलं, ‘क्षय नाही. शरीरप्रकार: लेप्टोसोम.’

तिचा बाप, चिंतू, कार्ड घेऊन दिनानाथ गुरुजींकडे गेला. गुरुजींना तो शब्द ठाऊक नव्हता. पण चार माणसं बसली होती, तिथे नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

“जपायला हवं हो पोरीला,” ते म्हणाले.

झालं. दोन दिवसांत बातमी घिवलीत. जिवल्याची आई येसूबाई हिनं निरोप धाडला, “आदी पोर बरी होऊ दे, मंग लगनाचं बोलू.”

चिंतू डोकं धरून बसला. हिरा कार्ड कनवटीला लावून तारापूरला डॉक्टरांकडे चालत गेली.

“डागदर, ह्ये काय लिवलंय?”

त्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे मुळात बारीक बांध्याचा माणूस. आम्ही शिकलो तेव्हा माणसांचे असे साचे पाडायचे. एक बारीक, एक पैलवानी, एक गोल. आता नव्या पुस्तकांत नाही राहिलं ते.”

“पुस्तकात नाय, मंग माज्या कार्डावर कशाला?”

“हाताला वळण पडलंय गं.”

“तुमच्या हाताला वळण आनी माजं लगन अडलं. मराठीत लिवा.”

डॉक्टर हसले आणि खाली लिहिलं, ‘बांधा मुळात बारीक. रोग नाही.’

हिरा घरी न जाता तशीच घिवलीला गेली. येसूबाई अंगणात बोंबलांची पाटी घेऊन बसली होती. तिनं कार्ड उलटसुलट पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या आणि खालच्या ओळीची शाई ताजी आहे हेही दिसत होतं.

“आदी कमी व्हत्या, आता वाढल्या. रोग वाढला वाटतं.”

“मावशी, डागदर रोग नाय ते पन लिवतात.”

“रोग नाय तर शाई कोन वाया घालवील?”

हिरानं वाद घातला नाही. येसूबाईची वलांडी समोरच होती. खालच्या रांगा भरलेल्या, वरच्या दोन रिकाम्या.

“वरती का नाय टांगलेत?”

“कोन चडनार? माज्या वजनानं गेल्या साली बांबू मोडला.”

हिरानं पदर खोचला, टोपलीत बोंबील भरले आणि चढली. वर बांबूला पाय गुंडाळून बसली आणि जोड्या अडकवू लागली. येसूबाई खाली मान वर करून उभी. ती काम बघत नव्हती, पोर कधी खोकते ते ऐकत होती. एक रांग भरली. खोकला आला तो येसूबाईलाच, शेजारच्या चुलीच्या धुरानं.

“मावशी, जपा हो,” वरून हिरा म्हणाली.

“गप गे. दम लागला?”

“लागला की सांगीन. टोपली द्या.”

येसूबाईनं टोपली भरून वर दिली. मग आणखी एक. तिसरी देताना तिनं हिराचं मनगट धरून पाहिलं. बारकं होतं, पण हिसडा दिल्यावर टोपलीसकट सुटलं.

जिवल्या होडीवरून येत होता. वलांडीवर हिराला बघून तो कुंपणापाशीच थबकला.

“उबा काय ऱ्हायलास?” येसूबाई त्याच्यावर खेकसली. “तात्या भटजींकडं जा. म्हनावं, ह्याच म्हयन्यातली तारीख काडा. आनी तू गे, उतर खाली. अजून माज्या घरची झाली नाय. पडलीस तर तुज्या बापाला मी काय सांगू?”

“उतरते,” हिरा म्हणाली. “एवडी रांग व्हऊ दे.”