मोखोरोंगच्या वाटेवरची हाक

मोसेले पहिल्यांदा सायकलवर बसली, तेव्हा हा-फोलो गावातल्या बायका ब्लँकेटचं टोक तोंडाशी धरून हसल्या होत्या. रस्ता बांधायला आलेला एक परदेशी इंजिनिअर काम संपल्यावर आपली सायकल तिच्या वडिलांना देऊन गेला होता. वडील घोड्यांचे व्यापारी. ज्याचे दात तपासता येत नाहीत, अशा वाहनात त्यांना रस नव्हता. भाऊ गुरांमागे डोंगरात. म्हणून सायकल मोसेलेकडे राहिली.

पुढे लग्न झालं, नवरा सरहद्दीपलीकडच्या खाणीत कामाला गेला आणि सायकलीनेच तिचं घर चालवलं. आधी ती लोकांचा मका दळून आणून देई. मग डोंगरात सायकल चालवायला पाहुणे येऊ लागले, त्यांना ती मोखोरोंग खिंडीपलीकडे नेऊ लागली. चढावर पाहुण्यांना धाप लागे, आणि ही पुढे जाऊन दगडावर बसून त्यांची वाट पाही. चाळिशी उलटल्यावर तिने खिंडीची शर्यत सुरू केली. मासेरू, ब्लुमफाँटेन अशा शहरांतून सायकलवाले येऊ लागले. गावातले चार-पाच तरुण तिच्या हाताखाली तयार झाले. त्यांतला सगळ्यात वेगवान त्सेलिसो.

पण खिंडीची वाट काही सायकलींसाठी केलेली नव्हती. गिरणी, दवाखाना, चर्च, सगळं पलीकडे. डोक्यावर ओझं घेतलेल्या बायका, चर्चला निघालेली म्हातारी माणसं, डोंगर पाहायला आलेले पाहुणे, सगळे त्याच वाटेने पायी जात. सायकली आवाज न करता मागून येत आणि लोक दचकत. तक्रारी वाढल्या तेव्हा मोसेलेने उपाय केला. शर्यतीच्या पाहुण्यांकडून घंटा मागवल्या आणि प्रत्येक सायकलीला बसवल्या.

आणि तेव्हापासून जास्तच माणसं धडपडू लागली.

कुणालाच कळेना. घंटा वाजवावी, तर चालणारा बाजूला होण्याऐवजी नेमका वाटेच्या मध्ये येऊन उभा राही. पोरं म्हणत, "मुद्दाम करतात." गावकरी म्हणत, "अंगावर घालतात." शेवटी न्खोनो मालेफा पडली. न्खोनो म्हणजे आजी. अख्खं गाव तिला तसंच म्हणे. तिच्या डोक्यावरचं बियरचं मडकं फुटलं आणि मनगट मोडलं. मनगटाचं तिने फारसं मनावर घेतलं नाही, पण ती बियर चर्चच्या जेवणासाठी होती.

मोरेना लेतुका गावाचे मुखिया. त्यांनी शुक्रवारी पित्सो, म्हणजे गावसभा, बोलावली. विषय एकच: खिंडीची वाट सायकलींना बंद करायची. वाट बंद म्हणजे शर्यत बंद, पाहुणे बंद आणि मोसेलेने जन्मभर उभं केलेलं सगळं संपलं.

सभेच्या आदल्या दिवशी तिच्या सायकलीची चेन तुटली. पीठ तर आणायचं होतं, म्हणून ती पायीच गिरणीवर गेली. पिठाची पिशवी डोक्यावर घेऊन ती परत येत होती. डोक्यात उद्याच्या सभेत काय बोलायचं हा विचार. एका बाजूला मक्याची शेतं, दुसऱ्या बाजूला घायपाताचं कुंपण. तेवढ्यात मागून टणटण वाजलं.

मोसेले गर्रकन वळली, वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "हेऽऽ! माग्गं!"

पिशवी खाली पडली. समोरून आलेला त्सेलिसो सायकलीसकट घायपातात शिरला.

"मे मोसेले!" कुंपणातून आवाज आला; मे म्हणजे आई, पोरं तिला मानाने तसंच म्हणत. "आई गं... तुम्हीसुद्धा?"

"मी काय केलं?"

"काय केलं? मला आडव्या आलात! घंटा वाजवत होतो ना मी, बहिरे पण ऐकतील एवढी!"

"घंटा ऐकली म्हणूनच आले, गाढवा! मला वाटलं कुणाचा बैल मक्यात घुस..."

तिचं वाक्य तिथेच थांबलं. ती पिठात बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्सेलिसो काटे उपटत बघत राहिला.

"हसा. मला इथं बसताही येत नाही."

"अरे, इतके दिवस मी त्या घंटेच्या मागेच होते रे! पुढे कधी चाललेच नाही!"

डोंगरात घंटा बांधतात ती जनावराच्या गळ्यात. मागून घंटा वाजली म्हणजे कुणाचं तरी जनावर सुटलंय. ते मक्यात शिरलं तर पीक जातं, जनावर कोंडवाड्यात जातं आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं. म्हणून घंटा ऐकली की रांगतं मूलसुद्धा हात पसरतं. त्यात विचार करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

शुक्रवारी सभा भरली. बोलणारे एकेक करून टोपी काढून उभे राहिले. न्ताते रांत्सो सगळ्यांत जास्त तापले होते. न्ताते म्हणजे बाबा.

"थांबणं नाही, नमस्काराचं लुमेला म्हणणं नाही! माझ्या वडिलांनी घोड्यावरून जाताना कुणाला न बोलता ओलांडलं नाही. ही पोरं घोड्यावर तरी आहेत का? लोखंडावर बसलेत!"

"आणि बसायचं तरी नीट बसा," न्खोनो मालेफा झोळीतला हात सावरत म्हणाली. "ढुंगण वर करून चालवतात. मला आधी तेच दिसलं."

सभा हसली.  मोसेलेची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. तिने खूण म्हणून फक्त मान हलवली. सभेच्या मागे दगडी भिंतीआड त्सेलिसो बसला होता. त्याने जोरात घंटा वाजवली.

मागच्या रांगेतले सगळे म्हातारे काठ्या उगारून उठले. न्ताते रांत्सो तर दोन ढांगांत भिंतीपाशी पोचले. खुद्द मोरेना खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "कुणाची गुरं सुटली?"

भिंतीवरून त्सेलिसोचं डोकं वर आलं. "माझी, मोरेना."

 मग न्खोनो मालेफा आपलं मोडकं मनगट धरून हसू लागली आणि तिच्यामागून सगळा गाव.

न्ताते रांत्सो हसले नाहीत. "म्हणजे चूक आमची?"

"चूक माझी," मोसेले म्हणाली. "माणसाला गुरासारखं हाकायला मीच शिकवलं. तुम्ही आम्हाला गुरांसारखं अडवलंत, त्यात काय नवल? घंटा आजच काढते. यापुढे सायकलवाला लांबूनच लुमेला म्हणेल. वाट अरुंद असेल तिथं उतरेल. ज्याच्या डोक्यावर ओझं आहे तो आधी जाईल, चढ असो की उतार."

"शर्यतीतसुद्धा?" मोरेनांनी विचारलं.

पोरांनी मोसेलेकडे पाहिलं. शर्यतीत सायकलवरून उतरायचं? थांबायचं?

"शर्यतीतसुद्धा," ती म्हणाली.

"मग शर्यत होऊ दे. मी स्वतः खिंडीत उभा राहीन. एकानेही हा नियम मोडला, तर वाट त्याच दिवशी बंद."

शर्यतीच्या सकाळी मोसेलेने प्रत्येक स्पर्धकाकडून "लुमेला, मे" आणि "लुमेला, न्ताते" घोकून घेतलं. परगावचे सायकलवाले हसत होते. ब्लुमफाँटेनचा एक उंच गडी म्हणाला, "बाई, आम्ही शर्यतीला आलोय की लग्नाला?"

"लग्नात उशीर चालतो," मोसेले म्हणाली. "इथं न बोलता गेलास तर परत पाठवीन."

ती आधीच खिंडीत जाऊन थांबली. शेजारी मोरेना, ब्लँकेट पांघरून. खाली कड्यालगतची अरुंद वाट आणि त्या वाटेवर, दुसरा दिवस मिळाला नव्हता जणू, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन न्खोनो मालेफा चालली होती.

वळणावरून पहिला सायकलवाला आला. तोच उंच गडी. त्याच्या मागे दोनच हातांवर त्सेलिसो. तेवढा तुकडा सपाट, दोघेही वेगात. मोसेलेने ब्लँकेट मुठीत आवळलं. आता ब्रेक दाबला नाही तर...

"लुमेलाऽ मेऽऽ!"

उच्चार पार मोडका होता, पण हाक डोंगराला लागून परत आली. उंच गडी उतरला. त्सेलिसो उतरला. मागचे एकेक करून उतरत गेले आणि कड्यालगत सायकली हातात धरलेल्यांची रांग लागली.

न्खोनो मालेफा सावकाश वळली.

"लुमेला, बाळा. कुठून आलास?"

"ब्लुमफाँटेन, मे."

"कुठं निघालास?"

"म्हणजे... शर्यत आहे, मे."

"ती होईलच. आईवडील बरे आहेत ना?"

रांगेत मागे कुणीतरी कळवळून म्हणालं, "न्खोनो, माझेपण बरे आहेत, आता चला!"

खिंडीत मोरेनांचे खांदे हलू लागले. आधी मोसेलेला वाटलं ते रागावले. मग दिसलं की ते हसतायत. न्खोनो मालेफा आपल्या चालीने वर आली आणि तिच्यामागून अख्खी शर्यत पायी पायी वर आली. खिंडीत वाट रुंद झाली तशी म्हातारीने बाजूला होऊन मोकळा हात पुढे केला, "जा आता, मरा!" सायकली एकदम सुटल्या. त्सेलिसोने उडी मारून पेडल पकडलं ते थेट गावात पोचेपर्यंत सोडलं नाही. उंच गड्यापेक्षा एका चाकाने पुढे राहून त्याने शर्यत जिंकली.

पण गाव त्याच्यासाठी ओरडत नव्हता. मोरेना घोड्यावरून खाली आले, चौकात उतरले आणि म्हणाले, "वाट सगळ्यांची." एवढंच. लोकांनी "पुला! पुला!", म्हणजे पाऊस पडो, असा आनंदाचा गजर केला, न्ताते रांत्सोंनी टोपी हवेत उडवली आणि बायकांनी मोसेलेला धरून तिच्या सायकलीवर बसवलं. गावच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती निघाली. दोन्ही बाजूंनी माणसं "लुमेला, मे!" म्हणत होती, आणि ती प्रत्येकासाठी उतरत होती.